पाण्यात टिकणारा धातू निवडण्याआधी करंटची दिशा पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ घर आहे, विहिरीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. पातळी कळावी म्हणून १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारं सर्किट तुम्ही घरीच जुळवलं आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा सोलून पाण्यात सोडल्या. चार महिन्यांत एक तार हिरवी-निळी होऊन तुटली, दुसरीवर नुसता पांढरा थर आला. मग स्टीलचे बोल्ट लावले, तर त्यातला एक काळा पडून झिजला आणि टाकीच्या तळाशी तपकिरी गाळ बसला. आता तुम्ही विचारता आहात की न गंजणारा, पण वीज उत्तम वाहून नेणारा धातू कोणता, आणि चांदीची तार किंवा सोन्याचा मुलामा परवडेल का.

मी गेली बावीस वर्षं पंपांची पॅनेलं आणि पातळी दाखवणारी यंत्रणा बसवतो. विहिरी, बोअर, सोसायट्यांचे जमिनीखालचे हौद, थोडं काम किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांवरही केलंय. धातूचं नाव शेवटी सांगणारच आहे, पण नुसतं नाव सांगितलं तर तुम्ही तो आणाल, लावाल आणि वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न विचाराल. तुमच्याच वर्णनात खरं कारण लिहिलेलं आहे: एकच तार तुटली.

साधा गंज असता तर दोन्ही तारा सारख्याच खराब झाल्या असत्या. दोघींना पाणी तेच आणि हवाही तीच. पण झिजली फक्त एक, आणि पैजेवर सांगतो, ती धन टोकाला जोडलेली होती. दुसरीवरचा पांढरा थर हीसुद्धा खूणच आहे. ऋण टोकापाशी पाणी अल्कधर्मी होतं आणि पाण्यातलं कॅल्शियम तिथे चुन्यासारखं जमतं. म्हणजे तुमच्या टाकीत चोवीस तास विद्युत विघटन चालू आहे. मुलामा चढवणाऱ्याच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, तेच तुमच्याकडे नकळत घडतंय.

किती झिजतं याचा हिशेब फॅराडे या शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकातच मांडून ठेवला आहे. एक मिलिअँपिअर करंट एका दिशेने वर्षभर सतत वाहिला, तर साधारण ९ ग्रॅम लोखंड किंवा १० ग्रॅमच्या थोडं वर तांबं विरघळू शकतं. तुमच्या तारेचा दहा सेंटिमीटर भाग पाण्यात होता असं धरू. त्याचं वजन जेमतेम १.३ ग्रॅम भरतं. चार महिन्यांत तो अख्खा खायला ०.४ मिलिअँपिअर पुरे, आणि पाण्याच्या रेषेपाशी तार तुटायला त्याहूनही कमी. सहा मिलिमीटर जाडीचा दोन इंची बोल्ट दहा-बारा ग्रॅमचा असतो. एलईडी अंधुक पेटवायला लागतो तेवढा करंट त्याला वर्षभरात जवळपास संपवेल. सगळाच करंट धातू विरघळवण्यात जातो असं नाही, काही वाटा पाण्यातून ऑक्सिजन सोडण्यात जातो आणि तो वाटा धातूप्रमाणे बदलतो. तांब्याच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळा करंट झिजेतच जातो.

आता ‘वीज उत्तम वाहून नेणारा’ ही तुमची अट. ती सोडून द्या, कारण तिच्यामुळेच तुम्ही तांबं आणि चांदीकडे ओढले जाता आहात. स्टेनलेस स्टील तांब्याच्या चाळीसेक पट वाईट वाहक आहे, हे खरं. पण चार मिलिमीटर जाड, पंधरा सेंटिमीटर लांब स्टेनलेस सळीचा रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतकाही भरत नाही. दोन सळ्यांमधल्या पाण्याचा रोध मात्र काही हजार ओहम असतो, आणि कोकणातल्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात दहा-वीस हजारांपर्यंतही जातो. सगळा अडथळा पाण्यात आहे. त्या हजारांपुढे सळी तांब्याची की स्टीलची, याने काडीचाही फरक पडत नाही. म्हणून या कामात धातू निवडताना एकच निकष लावायचा: तो या पाण्यात, या करंटखाली टिकतो का?

पाणी कसलं, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे जांभा दगड. त्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी तांबं आणि जस्त हळूहळू खातं. नवीन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातलं पहिल्या धारेचं पाणी तुरट लागतं ते त्यामुळेच. शिवाय समुद्र जवळ असेल तर एप्रिल-मे महिन्यांत विहीर खाली गेल्यावर पाणी मचूळ होतं, म्हणजे मिठातून येणारं क्लोराइड वाढतं. देशावर उलट परिस्थिती. तिथल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी कठीण असतं. सळी झिजण्याआधीच तिच्यावर क्षारांचं कवच चढतं आणि पाणी असूनही यंत्र ‘टाकी रिकामी’ सांगतं. तिथे मी धातूपेक्षा दर सहा महिन्यांनी सळ्या काढून लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात बुडवायला सांगतो.

तर पहिलं काम करंट बदलायचं. आर्डुइनोसारखा, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड असेल तर काम फुकटात होतं. सळ्या दोन वेगवेगळ्या पिनांना जोडा, मध्ये एक लाख ओहमचा रोधक घाला. आधी एक पिन धन आणि दुसरी ऋण करून अडीच मिलिसेकंदांत वाचन घ्या. मग लगेच दोन्ही उलट करा आणि तेवढाच वेळ ठेवा. त्यानंतर दोन्ही पिना शून्यावर आणा आणि पाच सेकंद काहीच करू नका. टाकी काही पाच सेकंदांत भरत नाही, त्यामुळे सतत बघत राहण्याची गरजच नाही. पाच सेकंदांत पाच मिलिसेकंद म्हणजे वेळ हजारपटीने कमी झाला. एक लाख ओहममुळे करंट पाच व्होल्टला जास्तीत जास्त ५० मायक्रोअँपिअर, म्हणजे वीसपट कमी. आणि दिशा उलटसुलट होत असल्याने जे निघतं त्यातलं बरंचसं पुन्हा भरून येतं. वर्षाला नऊ ग्रॅमचा हिशेब अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली येतो. दोन्ही दिशांचा वेळ अगदी तंतोतंत जुळत नाही, म्हणून सळीच्या वाटेत एक मायक्रोफॅरडचा ध्रुव नसलेला कपॅसिटरही टाका. उरलासुरला एकदिश करंट तो अडवतो.

बोर्ड नसेल आणि साधं ट्रान्झिस्टरचं सर्किट असेल, तर बाजारात पातळीचे तयार रिले, म्हणजे पातळीप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारे स्विच मिळतात. चांगले रिले सळ्यांना कमी व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा सतत उलटणारा करंटच देतात. पण घेताना दुकानदाराला विचारून थांबू नका, मल्टिमीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटच्या खुणेवर ठेवून सळ्यांच्या टोकांवर मोजा. काटा किंवा आकडा एका बाजूला ठाम उभा राहिला तर तो रिले परत द्या.

इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. एसी पाहिजे म्हणून घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून कपॅसिटर लावून थेट पाण्यात करंट सोडणारी सर्किटं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, नळाखाली लहान मुलं अंघोळ करतात. असं सर्किट कुणीही, कितीही स्वस्तात देत असलं तरी लावू नका. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच आणि सळ्यांवर बारा व्होल्टच्या आतच.

आता धातू. अ‍ॅल्युमिनियम सरळ बाद. आम्ल असो की अल्क, दोन्हींत ते विरघळतं, आणि पाण्यात तांब्याचा अंश असला तर त्याला भोकं पडतात. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड पाइपासाठी ठीक, सळीसाठी नाही, कारण जस्त संपेपर्यंतच ते टिकतं. पितळेतून जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, बोटाने चुरगळणारं तांबं उरतं. जुन्या व्हॉल्व्हचा दांडा असा मोडलेला तुम्ही पाहिला असेल. तांबं एरवी पाण्यात छान टिकतं, आपल्या आज्यांचे बंब पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण त्या बंबातून कुणी डीसी करंट सोडत नव्हतं.

चांदीने तुमचं काम सुटणार नाही. क्लोराइड असलेल्या पाण्यात धन टोकाच्या चांदीवर चांदीच्या क्लोराइडचा थर चढतो, आणि मऊ पाण्यात ती तांब्यासारखीच विरघळते. सोन्याचा मुलामा तर त्याहून धोक्याचा. सोनं स्वतः गंजत नाही, पण पातळ मुलाम्यात सूक्ष्म छिद्रं असतात. छिद्राखालचं तांबं इवलंसं आणि भोवतीचं सोनं मोठं, अशी जोडी जमली की सगळा मारा त्या इवल्याशा तांब्यावर होतो. मुलामा नसता तर तार जास्त टिकली असती.

उरतात स्टेनलेस स्टील, टायटॅनियम आणि ग्रॅफाइट.

स्टेनलेस टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. ओरखडा पडला तर पाण्यातल्या ऑक्सिजनने थर आपोआप भरून येतो. त्याचा शत्रू क्लोराइड. तो थराला एखाद्या ठिकाणी भोक पाडतो आणि मग आतल्या आत खड्डा खोल जात राहतो, वरून सळी चकचकीत दिसते. ३०४ प्रकारात क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडपुढे तेच टिकाव धरतं. घरातल्या तापमानाला मी ठेवलेली ढोबळ मर्यादा अशी: लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असेल तर ३०४ चालतं, हजारापर्यंत ३१६. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल १०००. म्हणजे पिण्याजोग्या पाण्याला ३१६ पुरतं. समुद्राच्या पाण्यात हा आकडा १९ हजारांच्या घरात जातो, तिथे ३१६ वर विसंबू नका.

तुम्ही लावलेले बोल्ट मात्र बहुधा ३०४ सुद्धा नव्हते. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टील’ म्हणून मिळतं त्यात २०२ नावाचा प्रकार भरपूर असतो. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. लोहचुंबक चिकटत नाही म्हणून माणूस समाधानाने घरी येतो, पण चुंबक २०२ आणि ३०४ मधला फरक सांगू शकत नाही. ३१६ ओळखायला मॉलिब्डेनमचं तपासणी द्रावण मिळतं. धातूवर थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की रंग बदलतो. धातूचा व्यवहार करणाऱ्या बऱ्याच दुकानांत ते असतं.

याहून सोपी वाट मला एका वेल्डरने दाखवली आणि तेव्हापासून मी तीच धरली. टिग नावाच्या वेल्डिंगमध्ये जोड भरायला ३१६एलच्या (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) फिलर सळ्या मिळतात. २.४ मिलिमीटर जाड, एक मीटर लांब, सरळसोट, आणि प्रत्येक सळीवर प्रकार छापलेला असतो किंवा निदान डब्यावर तरी. एका टाकीला तीन सळ्या लागतात, खर्च फारच थोडा. कापताना लोखंड कापलेलं ग्राइंडरचं चाक वापरू नका आणि साध्या तारेच्या ब्रशने घासू नका. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तिथूनच गंजाचे ठिपके सुरू होतात.

स्टेनलेसबद्दल एक इशारा पिण्याच्या टाकीसाठी. डीसी करंट जोरात असेल तर धन टोकाच्या स्टेनलेसमधून लोखंडाबरोबर क्रोमियम आणि निकेलही पाण्यात उतरतं, आणि त्यातलं काही क्रोमियम षट्‌संयुजी म्हणजे विषारी रूपात. मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. तुमच्या टाकीतला तपकिरी गाळ या बोल्टांमधूनच आलेला आहे. म्हणून सर्किट बदलेपर्यंत न थांबता ते बोल्ट आजच काढा आणि टाकी धुऊन घ्या. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

टायटॅनियम क्लोराइडला भीक घालत नाही. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण ‘सर्वांत भारी धातू’ म्हणून ते आणून डीसीवर लावलं तर वेगळाच घोळ होतो. धन टोकाला त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि करंट जवळपास बंद पडतो. वाहक म्हणून आणलेली सळी निरोधक होऊन बसते. आणि खाऱ्या पाण्यात व्होल्टेज आठ-दहाच्या पुढे गेलं की तोच थर फुटून खड्डे पडू शकतात, म्हणजे तुमचे १२ व्होल्ट तिथे जास्तच आहेत. कमी व्होल्टच्या उलटसुलट करंटवर मात्र ते उत्तम चालतं. त्याच्याही टिगच्या फिलर सळ्या मिळतात, महाग पडतात इतकंच. त्याला साधं सोल्डर धरत नाही, जोड दाबून किंवा स्क्रूनेच करावा लागतो.

जिथे डीसी टाळताच येत नाही, उदाहरणार्थ पोहण्याच्या तलावात मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र किंवा धक्क्यांच्या पोलादाचं गंजापासून संरक्षण, तिथे टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप देतात. १९६०च्या दशकात हेन्री बीअर यांनी शोधलेला हा लेप करंट आरपार जाऊ देतो आणि स्वतः फार हळू झिजतो. पातळी मोजायला तो आणणं म्हणजे मुंगी मारायला तोफ, पण ‘पाण्यात डीसीखाली काय टिकतं’ याचं खरं उत्तर तेच आहे.

ग्रॅफाइट म्हणजे जुन्या टॉर्चच्या सेलमधली काळी कांडी. ती धातूचा अंश सोडत नाही आणि प्रयोगाला झकास. ठिसूळ असते आणि तिला तार पक्की जोडणं कठीण, म्हणून कायमच्या कामाला मी वापरत नाही.

शेवटचं आणि माझ्या अनुभवात सर्वांत दगा देणारं ठिकाण म्हणजे जोड. किनाऱ्यालगतच्या एका हौदात मी ३१६ च्या सळ्या दोनदा बदलल्या. दोन्ही वेळा काढलेली सळी स्वच्छ होती, तरी मी पाण्याला दोष देत राहिलो. तिसऱ्या खेपेला वरची टोपी फोडून पाहिली. आत तांब्याची तार स्टेनलेसला पिळून बांधलेली, ओल धरून हिरवी भुकटी झालेली, आणि हिरवेपणा तारेच्या आवरणातून वीतभर वर चढलेला. ती चूक माझीच होती. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ओले राहिले की त्यातला लवकर गंजणारा धातू बळी जातो, हे मला माहीत होतं, पण सळीकडेच पाहत राहिलो. हा धडा फार जुना आहे. १७६१ साली ‘अलार्म’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला होता. काही वर्षांनी तपासलं तर पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते, आणि जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता तिथले खिळे शाबूत होते.

म्हणून तुमच्या टाकीत सळी अखंड ठेवा, ती झाकणाच्या वरपर्यंत येऊ द्या आणि तांब्याची तार झाकणाबाहेर, कोरड्या डबीत जोडा. जोडावर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. पाण्यात एकही स्क्रू, नट किंवा सोल्डरचा ठिपका राहू नये. सळीच्या वरच्या भागावरही नळी चढवून खालचे तीनेक सेंटिमीटर उघडे ठेवायची पद्धत आहे, म्हणजे ओलसर भिंतीवरून खोटी खबर मिळत नाही. गोड्या पाण्यात मी तसं करतो. मचूळ पाण्यात करत नाही, कारण नळीच्या काठाखालच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, स्टेनलेसचा थर भरून येत नाही आणि नेमकी तिथेच सळी कुरतडली जाते. तिथे सळ्या उघड्याच ठेवून एकमेकींपासून लांब टांगाव्यात, किंवा टायटॅनियम घ्यावं.

तुमच्या जागी मी असतो तर गच्चीवरच्या टाकीत सळ्या घातल्याच नसत्या, साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा स्विच टांगला असता. त्यात धातू पाण्याला लागतच नाही. सळ्यांची खरी गरज बोअरमध्ये असते, कारण तिथे फ्लोट हलायला जागा नसते, किंवा अरुंद विहिरीत, जिथे दोर, केबल आणि फ्लोट यांचा गुंता होतो. तुमच्या विहिरीत पंप कोरडा पडू नये म्हणूनही यंत्रणा लावायची असेल तर तिथे ३१६एलच्या सळ्या आणि उलटसुलट करंट हीच जोडी घ्या. पावसाळ्यात जांभ्यातलं पाणी इतकं मऊ होतं की सर्किटला पाणीच दिसत नाही. तेव्हा सर्किटने कितपत करंटला ‘पाणी आहे’ म्हणायचं तो उंबरठा ऑगस्टच्या पाण्यावर ठरवा. धातू मात्र मे महिन्याच्या पाण्यावर ठरवा: त्या महिन्यात एक बाटली भरून प्रयोगशाळेतून क्लोराइडचा आकडा काढून घ्या. पाचशेच्या आत आला तर ३१६एल निर्धास्त लावा. हजाराच्या जवळ किंवा वर गेला तर विहिरीपुरत्या दोन सळ्या टायटॅनियमच्या घ्या, आणि तो आकडा मलाही कळवा, रोधक किती घालायचा ते त्यावरून सांगतो.